केळीबागेतले सात नोड : प्रकल्प नोंदी

१० फेब्रुवारी, भुसावळ

आजपासून कामाला सुरुवात. फैजपूरजवळच्या नानांच्या केळीबागेसाठी जमिनीतला ओलावा मोजून रेडिओने कळवणारे सात नोड, म्हणजे छोट्या डब्या, करायचे आहेत. बाग कांदेबागेची, ऑक्टोबरात लावलेली, जात ग्रँड नैन. ठिबक आहे, पण व्हॉल्व्ह किती वेळ चालू ठेवायचा ते नाना अजून मातीत बोट घालूनच ठरवतात. त्यांचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघतो, हे मी लहानपणापासून बघतोय. पण बाग सहा एकरांची आहे. खालच्या अंगाची काळी आणि वरच्या अंगाची मुरमाड जमीन एका मापाने भिजत नाही. वीज रात्रीची आली की अंधारात सगळी बाग फिरणंही आता त्यांना झेपत नाही.

प्रत्येक नोडला दोन प्रोब, एक वीस आणि एक चाळीस सेंटिमीटर खोल. रेडिओ लोराचा (कमी विजेत लांबवर छोटे संदेश पाठवणारी पद्धत), चिप एसएक्स१२७६. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो. ट्रान्समीटरची मर्यादा १ वॉट, आणि ही चिप जास्तीत जास्त +२० डीबीएम म्हणजे १०० मिलिवॉट देते, त्यामुळे तिकडची काळजी नाही.

काळजी आहे ती बोर्ड आणि अँटेनाच्या मधल्या वाटेची. मॉड्यूल डबीच्या आत, अँटेना बाहेर. मध्ये पंधरा सेंटिमीटरची बारीक कोॲक्स केबल, जिला सगळे पिगटेल म्हणतात. बाहेरच्या टोकाला एसएमए (आट्यांचा कनेक्टर) आणि बोर्डाच्या टोकाला यू.एफएल (दाबून बसणारा). हे यू.एफएल इतकं लहान असतं की खाली पडलं तर फरशीच्या सांधीत शोधावं लागतं.

१४ फेब्रुवारी

मुंबईहून लॅमिंग्टन रोडचं पार्सल आलं. जळगाव-भुसावळात या वस्तू दुकानात मिळत नाहीत, मागवाव्याच लागतात. दहा पिगटेल मागवले होते. त्यातले सहा बसले, चार बसेनात.

भिंगाखाली धरल्यावर कळलं. बसले नाहीत त्यांचं टोपण लहान आहे. यू.एफएल हे हिरोसे कंपनीचं नाव. त्याच मापाला आय-पेक्स कंपनी एमएचएफ म्हणते, आणि ही दोन्ही एकमेकांत बसतात. पण त्याच कुटुंबात धाकटी मापंही आहेत. लॅपटॉपच्या एम.२ वायफाय कार्डवर असतं ते एमएचएफ४. यू.एफएलची बोर्डावरची रिंग साधारण २ मिलिमीटर व्यासाची, एमएचएफ४ची त्याहून अर्ध्या मिलिमीटरने कमी. जोडल्यावरची उंचीही वेगळी : यू.एफएल जास्तीत जास्त अडीच मिलिमीटर, एमएचएफ४ जवळपास निम्मं. फोटोत दोन्ही अगदी सारखी दिसतात आणि विक्रेते सगळ्यांनाच सरसकट ‘आयपेक्स’ म्हणतात. मागवताना नुसतं नाव न सांगता माप आणि केबलची जाडी सांगायची, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. मला हवी ती केबल १.१३ मिलिमीटरची.

चार परत पाठवून बदली मागवले.

१९ फेब्रुवारी

सातही बोर्डांवर कनेक्टर बसवले. इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळा जीव याच्यात आहे.

बोर्डावरच्या भागाला मध्ये एक उभी पिन असते आणि भोवती सोनेरी रिंग. केबलकडच्या टोपणात त्या पिनेला धरणारी बारीक चिमटी आणि बाहेर रिंगेला कवटाळणारा पत्रा. म्हणजे मोठ्या कोॲक्सचंच सगळं शरीर, फक्त तांदळाच्या दाण्याहून लहान. मधून सिग्नल, बाहेरून ग्राउंड, आणि दोघांमधलं अंतर असं राखलेलं की रेडिओला वाटेत कुठेही ५० ओमच दिसावेत. हे अंतर कुठे बिघडलं, तर तिथून सिग्नलचा काही भाग उलटा फिरतो.

बसवताना टोपण रिंगेवर नीट मधोमध ठेवायचं, वरून बोटाने चाचपायचं, रिंग खाली जाणवली की मगच सरळ दाबायचं. बारीक ‘टक्’ असं लागतं. कानाला कमी, बोटाला जास्त. तिरकं ठेवून दाबलं तर मधली पिन चिमटीच्या एका पात्याला वाकवते आणि ती चिमटी पुन्हा कधी सरळ होत नाही.

काढताना केबल धरून ओढायची नाही. टोपणाच्या काठाखाली अवजार घालून सरळ वर उचलायचं. हिरोसेचं त्यासाठी वेगळं अवजार मिळतं. माझ्याकडे नाही, म्हणून जाड तार वाकवून बारीक आकडा केला.

आणि आयुष्य : कंपनी ३० वेळा जोडा-काढायची हमी देते. फक्त तीस. एसएमए पाचशे वेळा चालतं. यू.एफएल हे एकदा जोडून डबी बंद करण्यासाठीच केलेलं आहे. चाचणीला मी एकच बोर्ड दिवसातून आठ-दहा वेळा काढ-घाल करतो, म्हणजे तीन दिवसांत त्याचं आयुष्य संपवतो. आजपासून प्रत्येक बोर्डावर कागदी टेप आणि त्यावर पेनाने रेघा. एक जोडणी, एक रेघ.

शेवटी टोपण हलू नये म्हणून प्रत्येकावर ग्लू गनचा एकेक थेंब सोडला.

२३ फेब्रुवारी

गच्चीवरून चाचणी घेतली. तीन नोड गल्लीच्या टोकापर्यंतही पोचेनात. अँटेना नीट घट्ट बसलेल्या, आटे पूर्ण फिरलेले.

अँटेना काढून तोंडात बघितलं. आत पिन नाही, भोक आहे. डबीवरच्या जॅकमध्येही भोकच. म्हणजे दोन्हीकडे भोक आणि मध्ये हवा. या तीन अँटेना आरपी-एसएमए निघाल्या. आटे तेच, माप तेच, फक्त पिन आणि भोक यांची अदलाबदल. अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाचा नियम असा, की घरगुती रेडिओ उपकरणाला ग्राहकाने मनाला येईल ती अँटेना लावू नये म्हणून कनेक्टर नेहमीच्या प्रकारचा नसावा. त्यातून ही उलटी जात आली, आणि वायफाय राउटरमुळे इतकी पसरली की आज दोन्ही एकाच टोपलीत मिळतात.

या चुकीत चिपलाही धोका आहे. +२० डीबीएमवर चालवताना डेटाशीट अँटेनाच्या टोकाला ३:१ पेक्षा जास्त व्हीएसडब्ल्यूआर (उलट्या फिरणाऱ्या सिग्नलचं माप) चालू देत नाही, आणि इथे तर टोक उघडंच होतं. सुदैवाने मी चाचणी +१४ वर घेत होतो. तिन्ही चिप शाबूत आहेत.

यापुढे अँटेना लावण्याआधी दोन्ही तोंडं डोळ्याने बघायची. एकीकडे पिन, दुसरीकडे भोक, तरच फिरवायची.

२ मार्च

नॅनो व्हीएनए काढला (अँटेना कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल परत पाठवते ते आलेखात दाखवणारं यंत्र). ओपन, शॉर्ट, लोड असं कॅलिब्रेशन अ‍ॅडॉप्टरच्या टोकापर्यंत केलं, ८४० ते ९४० मेगाहर्ट्झ. उरलेल्या अँटेनांवर ‘८६८’ छापलंय, पण आलेखातला खड्डा ९१० जवळ दिसला. ८६६ ला रिटर्न लॉस ६ डीबी, म्हणजे दिलेल्या ताकदीतला पाव हिस्सा परत. छापलेल्या आकड्यावर विसंबून भागणार नाही.

दुपारभर बसून स्वतःच अँटेना केल्या. ८६६ ला तरंगलांबी ३४.६ सेंटिमीटर, तिचा चौथा भाग ८.६ च्या आसपास. तांब्याची तार नऊ सेंटिमीटर घेतली, खाली चार काड्या तिरक्या उतरत्या सोडल्या आणि वरून मिलिमीटर-मिलिमीटर कापत गेलो. ८.२ ला खड्डा बरोबर जागेवर आला, रिटर्न लॉस २१ डीबी. म्हणजे परत येणारी ताकद एका टक्क्याहूनही कमी. कापताना आलेखावरचा तो खड्डा हळूहळू उजवीकडे सरकत आपल्या आकड्यावर येऊन थांबतो, ते बघण्यात मोठं सुख आहे. पुतणीला शेवटचे दोन तुकडे कापू दिले.

सातही पूर्ण.

९ मार्च, फैजपूर

नोड लागले. गेटवे, म्हणजे सगळ्या नोडचे संदेश ऐकणारी पेटी, मळ्यातल्या घराच्या गच्चीवर, पाइपाच्या टोकाला. आधी गेटवे खाली खोलीत ठेवून वर दहा मीटर आरजी-५८ न्यायचा विचार होता. पण या फ्रिक्वेन्सीला ती केबल मीटरला अर्धा डीबीच्या घरात खाते, दहा मीटरला साडेचार-पाच. नोडकडून आलेल्या सिग्नलचा दोन-तृतीयांश भाग केबलमध्येच गरम होऊन गेला असता. म्हणून गेटवेची पेटीच वर चढवली आणि खालून फक्त वीज नेली. पेटीवर एन कनेक्टर लावला. बेल लॅब्जच्या पॉल नील यांच्या आडनावावरून हे नाव पडलं, १९४० च्या दशकातली चीज. आत रबराची वॉशर असल्याने पावसाला दाद देत नाही. बोर्डावर दोन मिलिमीटरची रिंग आणि पाइपावर हा अंगठ्याएवढा एन, दोघांचं काम एकच.

आरएसएसआय (गेटवेला पोचलेल्या सिग्नलची ताकद डीबीएममध्ये, शून्याच्या जेवढी जवळ तेवढी जास्त) नोंदवून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल : नोड १ ला −७४, २ ला −८१, ३ ला −८८, ४ ला −९८ (सगळ्यात लांब, विहिरीपलीकडे), ५ ला −९०, ६ ला −८५, ७ ला −९३. स्प्रेडिंग फॅक्टर (संदेश किती सावकाश पाठवायचा ते ठरवणारा आकडा) ७. त्यावर या चिपची ऐकण्याची हद्द सुमारे −१२३.

काकूंनी कळण्याची भाकरी आणि भरीत केलं होतं.

२८ मार्च

सर्व ठीक. नाना आता सकाळी चहाबरोबर मोबाइल उघडतात आणि आधी खालच्या अंगाचे आकडे बघतात.

१४ एप्रिल

सगळ्या नोडचा सिग्नल हळूहळू उतरतोय. ४ नंबर −९८ वरून −१०४. बाग वाढली आहे. महिन्याभरात पानं एकमेकांत गेली, आता मधून चालताना आभाळ दिसत नाही. केळीच्या पानात पाणी गच्च भरलेलं असतं आणि रेडिओला पाणी मानवत नाही. सहा डीबी म्हणजे चौपट ताकद कमी, पण हद्द अजून एकोणीस डीबी लांब आहे. हे गृहीतच धरलं होतं.

२९ एप्रिल

नानांचा फोन. “तुझं चार नंबरचं दुपारी झोपू राह्यलं का रे? सकाळी दिसतं, जेवून उठलो की गायब.”

नोंदी काढून बघितल्या. चार दिवसांपासून रोज दुपारी साडेबारा-एकला नोड ४ बंद आणि पाच-साडेपाचला परत चालू. रात्रभर एकही पॅकेट चुकलेलं नाही. बॅटरीचं व्होल्टेज उत्तम. पहिला संशय पानांवरच गेला, पण पानं काही दुपारपुरती दाट होत नाहीत. शिवाय शेजारचा ७ नंबर दिवसभर व्यवस्थित बोलतोय.

उन्हाशी संबंध आहे एवढं नक्की.

३० एप्रिल

बागेत जाऊन नोड उतरवला. दुपारी डबी हाताला चटका देत होती, आतला सेन्सर ६१ अंश दाखवत होता. यू.एफएलची हमी ९० अंशांपर्यंत आहे, चिपलाही हे तापमान जड नाही. घरी आणून टेबलावर लावला तर पहिल्या पॅकेटपासून छान चालू. दोन तास चालवला, एकही चूक नाही.

टेबलावर चालतो आणि वावरात बंद पडतो. असा दोष सगळ्यात जास्त वेळ खातो.

२ मे

सापडलं.

रात्री डोक्यात आलं, की टेबलावर चालतोय म्हणजे काय, तर पॅकेट पोचतंय. किती जोरात पोचतंय ते मी बघितलंच नव्हतं. सकाळी गेटवे खोलीच्या एका कोपऱ्यात, नोड दुसऱ्या कोपऱ्यात, मध्ये तीन मीटर, जागा खडूने आखून घेतल्या. नोड ७ खुणेवर ठेवला : −३७. नोड ४ त्याच खुणेवर : −३८. मग नोड ४ च्या डबीवर केस वाळवायचं यंत्र धरलं. चार मिनिटांनी −४४, मग एकदम −६१. थंड होऊ दिलं, वीस मिनिटांनी परत −३८.

तेवीस डीबीचा फरक, आणि तरीही टेबलावर एक पॅकेट चुकलं नाही, कारण −६१ सुद्धा तीन मीटरवर भरपूर असतं. बागेत हेच गणित असं होतं : −१०४ मधून आणखी २३ गेले की −१२७. हद्द −१२३. म्हणून गायब. मार्चमध्ये पानं विरळ असताना हेच झालं असतं तर −१२१ ला काठावर का होईना पॅकेट आलं असतं आणि मला पत्ताही लागला नसता.

डबी उघडून भिंगाखाली घेतली. ग्लूचा थेंब बाजूने बघितला तर आतलं टोपण एका अंगाला रिंगेवर पूर्ण बसलेलं आणि दुसऱ्या अंगाला केसभर उचललेलं. फेब्रुवारीत बसवतानाच ते तिरकं राहिलं होतं. टक् लागलं नव्हतं आणि मी वर ग्लू सोडला. त्या ग्लूनेच ते इतके दिवस दाबून धरलं. एप्रिलच्या उन्हात ग्लू नरम झाला, फुगला, आणि पिगटेलच्या पिळाने टोपण वर उचललं गेलं. रात्री गार पडून ग्लू आक्रसला की परत टेकायचं. मधली पिन सुटली तरी सिग्नल पूर्ण मरत नाही. एवढ्याशा फटीतून तो थोडा पलीकडे उडी मारतोच. वायरचा तुकडा तुटला की दिवा विझतो, रेडिओचं तसं नसतं. तो कुजबुजत राहतो, आणि जवळ बसलेल्याला कुजबुजही ऐकू येते.

नानांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे टोपीच नीट बसेल नव्हती.” अगदी तेच.

स्प्रेडिंग फॅक्टर ७ चा ९ केला असता तर हद्द −१२९ पर्यंत खाली गेली असती आणि नोड दुपारीही पोचला असता. एका मित्राने तेच सुचवलं. मला ते पटत नाही. पॅकेट हवेत तिप्पटीहून जास्त वेळ राहणार, बॅटरी तेवढी जास्त जाणार, आणि तिरकं टोपण तिरकंच राहणार.

५ मे

सगळे नोड उतरवले. दुपारी नको म्हणून पहाटे गेलो, सालदार काका कंदील घेऊन बरोबर होते. ग्लू काढताना नोड ६ वर घात झाला. ग्लूबरोबर बोर्डावरची रिंग उखडली आणि खालचं तांब्याचं सिग्नल पॅडही निघून आलं. ग्लू आधी गरम करून मऊ करायला हवा होता किंवा कडेने स्पिरिट सोडायला हवं होतं. मी कोरडाच ओढला.

पॅड गेल्यावर नवीन कनेक्टर लावायला जागा उरत नाही. पिगटेलचं टोक कापलं, केबलचं वरचं आवरण चार मिलिमीटर सोललं, जाळी मागे दुमडून ग्राउंडला सोल्डर केली आणि मधली केसासारखी तार थेट चिपकडून येणाऱ्या ट्रॅकवर टेकवली. उघडी तार दीड मिलिमीटरच्या आत ठेवली. हात थरथरू नये म्हणून मनगट पुस्तकांच्या गठ्ठ्यावर टेकवून काम केलं. खडूच्या खुणेवर −३८. नोड ६ ला आता कनेक्टर नाही आणि त्याला ती गरजही नाही.

बाकी पाचांत नोड २ चं टोपणही किंचित तिरकं होतं. तो घराजवळ असल्याने ते कधी दिसलं नसतं.

११ मे

नोड ६ सोडून सगळ्यांचं टोपण नव्याने, भिंगाखाली, टक् लागेपर्यंत. कनेक्टरवर आता काहीच टाकायचं नाही. धरायची ती केबल, कनेक्टरपासून एक सेंटिमीटरवर, बोर्डाच्या कडेला. केबलला एक सैल वळण दिलं, म्हणजे डबी उघडताना ताण रिंगेवर जाणार नाही.

धरण्यासाठी सिलिकॉन. घरात होतं ते बाथरूमचं, उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते. तो वास ॲसेटिक आम्लाचा, सुकताना बाहेर पडणारा. बंद डबीत ते तांब्या-पितळेला खातं. मागे एका वेगळ्या कामात पितळी पट्टीवर त्याने हिरवट बुरशीसारखा थर चढवलेला मी बघितलाय. म्हणून न्यूट्रल प्रकारचं वेगळं मागवलं. त्याला आंबट वास नसतो.

डबीवर वरून पांढऱ्या पत्र्याची सावली बसवली, मध्ये बोटभर हवा. दुपारी आतलं तापमान ६१ चं ५२ झालं.

सगळे परत बागेत. नोड ४ : दुपारी दोनला −१०५.

२७ मे

संध्याकाळी सातपुड्याकडून जोराचा वारा आला. नोड ३ चा पाइप वाकला, बाकी सुरक्षित. पण विहिरीच्या अंगाची शे-दीडशे झाडं घडासकट आडवी. आज नोंदीत आणखी काही लिहिण्यासारखं मन नाही. नाना बांधावर बराच वेळ उभे होते.

३१ मे

पडलेल्या खोडांमुळे तिकडची बाग उघडी झाली. नोड ४ −९९. हा आकडा सुधारलेला बघून बरं वाटलं नाही.

८ जून

पुढच्या बोर्डाचं डिझाइन. यू.एफएल काढून टाकलं. बोर्डाच्या काठालाच एसएमए, थेट डबीच्या भिंतीतून बाहेर, मध्ये केबल नाही. ट्रॅकची रुंदी बोर्डाच्या जाडीवर ठरते. १.६ मिलिमीटरच्या साध्या एफआर४ (फायबरग्लासच्या) बोर्डावर ५० ओमसाठी तीन मिलिमीटरच्या जवळपास लागतो, ०.८ च्या बोर्डावर दीड. मी ०.८ घेतोय. दोन्ही बाजूंनी ग्राउंडचे टाके (बोर्डाचे थर जोडणारी बारीक भोकं) जवळ-जवळ.

यू.एफएल वाईट आहे म्हणून नाही. फोनमध्ये, ड्रोनमध्ये, लॅपटॉपच्या झाकणात जागाच नसते, तिथे त्याला तोड नाही. पंधरा-सोळा मिलिग्रॅम वजनात इतकं काम करणारी दुसरी वस्तू माझ्या टेबलावर नाही. पण माझी डबी तळहाताएवढी आहे. ती बागेत सालदार काका उघडणार, मी उघडणार, नानाही उघडणार. तिथे पाचशे वेळा चालणारी वस्तूच हवी.

एसएमए घट्ट करण्याचं मापही लिहून ठेवतो : पितळी असेल तर साधारण अर्धा न्यूटन-मीटर. पान्याने जोर लावायचा नाही.

१५ जून

नवीन बोर्ड आले. खडूच्या खुणेवर पहिला : −३७. दुसरा −३७, तिसरा −३८. चौथा −५२. सोल्डर खालून नीट चढलं नव्हतं, परत तापवल्यावर −३७. खडूची खूण आता पुसू नका म्हणून घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

नानांना दोन नोड जास्तीचे हवेत, वरच्या अंगाच्या मृगबागेसाठी. लागवड या आठवड्यात. जुन्या सातांच्या टेपवरच्या रेघा आज मोजून वहीत उतरवल्या : नोड १ ला ११, २ ला १४, ३ ला ९, ४ ला १९, ५ ला ८, ७ ला १२. सहाव्याची टेप काढून टाकली.